शर्वरीची जुळी

शर्वरी गेली हे रूपेशला डॉक्टरांनी सांगितलं नाही. ते त्याला पडद्यावर दिसलं.

ती रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आयसीयूत होती आणि तो तळमजल्यावर फार्मसीत, आपल्या रोजच्या खुर्चीवर. ड्युटी नव्हती. वर बाकावर बसवेना म्हणून खाली आला होता. खाली निदान ओळखीचे आवाज होते. मशीनची घरघर, ट्रेमध्ये गोळ्या पडल्याची टकटक, आणि शेजारच्या टेबलावर अफसाना परकार एका पेशंटशी फोनवर बोलत होती. "ताक चालेल हो काका, ताकानं काही होत नाही. पण काल काय खाल्लंत ते आधी सांगा. नाही नाही, काकूंना द्या फोन. तुमच्यावर माझा विश्वास नाही."

समोर पडद्यावर पेशंटच्या नावांची रांग होती. त्यात शर्वरी रूपेश शिरधनकर. त्या नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी झाला आणि खाली ओळ उमटली, 'छपाई थांबवा.'

अफसानानंही ते पाहिलं. काकांना काही न सांगता तिनं फोन ठेवून दिला.

ठिपका राखाडी झाला की टेक्निशियननं उठायचं, त्या पेशंटची उद्यासाठी छापलेली गोळी ट्रेमधून काढायची आणि नष्ट करायच्या डब्यात टाकायची, असा नियम आहे. रूपेश सवयीनं उठला.

"दादा, राहू द्या. मी काढते."

"मीच काढतो."

गोळी फिकट केशरी होती. आयसीयूत कुटून नळीतून द्यायची असली तरी मशीननं ती नेहमीसारखी गोल, कडेला नाव कोरून छापली होती. शर्वरीच्या गोळीत पूर्वी चार थर असत. या गोळीत तीनच होते. रक्त पातळ ठेवणारा चौथा थर ती आयसीयूत आली त्या दिवशीच काढून टाकला होता. तेव्हा उशीर झाला होता. रूपेशनं गोळी डब्यात टाकली, झाकण लावलं, आणि मग त्याला वरून फोन आला की ताबडतोब या.

आता हे मशीन काय आणि जुळी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

पूर्वी कारखान्यातून एकाच मापाच्या लाखो गोळ्या निघायच्या. पन्नास किलोच्या बाईला तीच आणि नव्वद किलोच्या पैलवानालाही तीच. कुणाला ती कमी पडायची, कुणाला जास्त व्हायची, आणि दोन्ही माणसं दुकानातून सारखंच पाकीट घेऊन घरी जायची. आता पेशंटच्या दंडावर रुपयाएवढी पट्टी चिकटवतात. पट्टीच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात. कातडीखालच्या पाण्यातून त्या मोजत राहतात, औषध किती उरलं, साखर किती, रक्त गोठायची किती घाई करतंय. हे आकडे रुग्णालयात येतात, आणि तिथे प्रत्येक पेशंटचं एक आकड्यांचं शरीर तयार असतं. बाईचं असेल तर त्याला जुळी म्हणतात, पुरुषाचं असेल तर जुळा. तिचं यकृत पेशंटच्या यकृताएवढ्याच गतीनं औषध जाळतं, तिची मूत्रपिंडं तेवढीच थकलेली असतात. उद्याची गोळी आधी जुळीला द्यायची. संगणकात काही क्षणांत तिचे पुढचे पाच-सहा दिवस निघून जातात. ती ठीक राहिली तर मशीन खरी गोळी छापतं, एकावर एक थर देत. सकाळी ती घरपोच जाते.

या सगळ्यात एक भोक आहे. पट्टीला रक्त कळतं, ताट कळत नाही. माणसानं काय खाल्लं हे जुळीला कुणीतरी सांगावं लागतं. त्यासाठी रोज पेशंटच्या मोबाइलवर प्रश्न जातो, 'आज काय जेवलात?' खाली मोठं बटण असतं, 'नेहमीचं'. सगळी दुनिया ते बटण दाबून मोकळी होते. मग जेवण नेहमीचं आणि रक्त मात्र वेगळं वागतंय असं झालं, की जुळी गोंधळते आणि नाव पिवळं होतं. पिवळं नाव आलं की टेक्निशियननं पेशंटला फोन करून विचारायचं. मशीन आल्यावर टेक्निशियनचं जे थोडं काम उरलं, त्यात हा फोन सगळ्यात मोठा. लोकांना बोलतं करायचं, पोटातलं काढून घ्यायचं. अफसाना त्यात एक नंबर होती.

रूपेश या कामाला उशिरा लागला. चिपळूणच्या बाजारात एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर त्याची तरुणपणाची वर्षं गेली. गोळ्या छापून मिळायला लागल्यावर दुकानात बाम, डायपर आणि दात घासायचे ब्रश तेवढे राहिले. मालक म्हणाला, "रूपेश, तुला ठेवून मी काय करू, तूच सांग." घरी शर्वरी. लहानपणी ताप सांध्यांत उतरून तिच्या हृदयाची झडप खराब झालेली, तिशीत ती बदलून धातूची बसवलेली. रक्त पातळ ठेवणारं औषध जन्मभर घ्यायचं. मूल होऊ देऊ नका असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. फार्मसी टेक्निशियनच्या कोर्सची जाहिरात तिनंच शोधून काढली.

"चाळिशीत कॉलेजात जाऊ? पोरं हसतील."

"हसू देत. नाहीतरी तुला गोळ्यांशिवाय दुसरं येतंय काय? भात लावायला सांगितला तर कुकर लपवून ठेवतोस."

ती पोळ्या लाटायची आणि तो मागे बसून पाठ म्हणायचा. अमुक औषधाचं तमुकशी जमत नाही, हे दोघांच्या तोंडी झालं. परीक्षेत तो पास झाला तेव्हा शर्वरीची आई शैलजाबाई गुहागरकडच्या गावातून पेढे घेऊन आल्या आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या, "आमचे जावई आता डॉक्टरांच्या खालोखाल."

तशी रूपेशची मान थोडी ताठ झाली होती, हे खरं. दर गुरुवारी तो झडपेच्या पेशंटना जमवून बोलायचा. पालेभाजीत एक घटक असतो, तो या औषधाच्या बरोबर उलट काम करतो, रक्त गोठायला मदत करतो. म्हणजे पालेभाजी बंद करायची का? नाही. रोज सारखी खायची. अचानक खूप नाही, अचानक बंद नाही. रुग्णालयाच्या दारात हेच सांगणारा मोठा फलक होता, आणि त्यावर हातात मेथीची जुडी घेतलेल्या रूपेशचा फोटो.

शर्वरी त्या फोटोला 'भाजीवाला' म्हणायची.

त्या वर्षी गणपतीत निम्मं रुग्णालय आपापल्या गावी गेलं होतं. फार्मसीत ईदला रूपेश अफसानाची ड्युटी ओढायचा आणि गणपतीत ती त्याची, असं त्यांचं ठरलेलं. पण यंदा दोघांनाही यावं लागलं, कारण बाहेरगावचे काही डॉक्टर हा विभाग बघायला येणार होते. ऋषिपंचमीच्या सकाळी रूपेश कपडे करून स्वयंपाकघरात डोकावला तर गणपतीला आलेल्या शैलजाबाई जमिनीवर पसरलेल्या कागदावर पाला निवडत होत्या. अळू, माठ, लाल भोपळ्याचे कोवळे शेंडे, अंबाडी. सगळं त्यांच्या परड्यातलं. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून आपल्या हातानं खणून लावलेलं. पातेलं बरंच मोठं काढलेलं.

"एवढी भाजी?" रूपेश म्हणाला.

"वर्षातनं एकदा," शर्वरी म्हणाली. "आणि परवा गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य आहेच. तू फलकावरच्यासारखा चेहरा करू नकोस हं."

"पट्टीला कळणार."

"कळू दे की. मोबाइलवर 'नेहमीचं' दाबेन, नाव पिवळं होईल, अफसानाचा फोन येईल, मी तिला सांगेन. त्यासाठीच आहे ना ती? तिच्यासाठी डबाही भरतेय."

"यात तेल नाही, तिखट नाही," शैलजाबाई खालूनच म्हणाल्या. "पाल्यानं कुणाचं काय वाईट झालंय, रूपेशराव?"

तो हसला, डबा घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शर्वरीचं नाव पिवळं झालं. घरच्या माणसाची गोळी आपण तपासायची नाही हा नियम, म्हणून ते अफसानाच्या पडद्यावर होतं. पाहुणे डॉक्टर नेमके तेव्हाच विभागात होते आणि मुख्य फार्मासिस्ट आगाशे मॅडम त्यांना सांगत होत्या, "हे आमचे शिरधनकर. बाहेरच्या फलकावर आहेत ते हेच. पेशंटला आहार समजावण्यात यांचा हात कुणी धरणार नाही."

"दादा," अफसानानं फोन उचलत विचारलं, "वहिनींचं पिवळं आलंय. लावू का फोन?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. रूपेशच्या डोळ्यांसमोर ते पातेलं आलं. फोन लागला असता, अफसाना मोठ्यानं बोलते, आणि इकडे उभ्या असलेल्या चार डॉक्टरांना कळलं असतं की फलकावरच्या माणसाच्या घरातच सकाळ-संध्याकाळ पाला शिजतोय. एवढंच. यापलीकडे दुसरं काही कारण नव्हतं. नंतर त्यानं पुष्कळ शोधलं, पण सापडलं नाही.

"घरात काय शिजतं ते मला विचार ना," तो म्हणाला. "नेहमीचंच आहे. दे पुढे."

एक डॉक्टर हसले. "हे बरंय, पेशंटचा नवराच टेक्निशियन."

अफसानानं फोन खाली ठेवला. 'नातेवाइकाकडून खात्री, आहारात बदल नाही' असं जुळीला सांगितलं आणि नाव हिरवं झालं.

जुळीची एक गोष्ट आहे. तिला खोटं कळत नाही. जेवण बदललं नाही असं एकदा खात्रीनं सांगितलं की ती दुसरीकडे कारण शोधते. रक्त घट्ट होतंय, जेवण तेच आहे, म्हणजे या बाईचं शरीरच बदललं असणार, तिला आता जास्त औषध लागतं. जुळीनं स्वतःला तसं बदलून घेतलं आणि चौथा थर जाड केला. त्या दिवशीही पातेल्यातली उरलेली भाजी होती, दुसऱ्या दिवशी गौरीची भाजी-भाकरी. थर आणखी जाड झाला. नाव पुन्हा पिवळं झालंच नाही, कारण आता जुळीच्या हिशेबानं सगळं जुळत होतं.

"अफसानाचा फोन नाही आला रे," गौरी आल्या त्या संध्याकाळी शर्वरी म्हणाली होती.

"गरज नसेल पडली."

"बघ. उगाच घाबरवत असतोस."

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. रूपेशनं करंजी खाल्ली.

गौरी-गणपती गेले, शैलजाबाई गावी गेल्या, भाजी संपली. पण हे औषध आज घेतलं तर त्याचा पूर्ण जोर दोन-तीन दिवसांनी येतो. जाड थरांचा जोर अंगात चढायला लागला तेव्हा त्याला अडवणारा पाला पोटात उरला नव्हता. त्यातच शर्वरी गौरीचे मुखवटे माळ्यावर ठेवायला स्टुलावर चढली आणि तिचं डोकं माळ्याच्या कडेला आपटलं. टेंगूळ आलं. ती हसली, बर्फ लावला. दुपारी डोकं दुखतंय म्हणाली. पट्टीनं रक्त फार पातळ झाल्याचं कळवलं, पण सकाळची गोळी पोटात गेली होती. संध्याकाळी तिला शब्द सापडेनात. डोक्यात आतल्या आत रक्त साचत होतं.

भेटायला लोक येऊ लागले. पूर्वी लोक विचारायचे, शेवटी काही बोलल्या का? आता विचारतात, जुळी काय म्हणते? कारण माणूस गेल्यावर रुग्णालय जुळीवरून एक छोटा निष्कर्ष काढतं आणि घरच्यांना देतं. रक्त आधी घट्ट, मग एकदम पातळ झालेलं पाहून काढलेला शर्वरीचा निष्कर्ष एका ओळीचा होता. आहारात न कळवलेला बदल, पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढलेलं. शेजारच्या पाटणकरांनी तो शैलजाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला.

"म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे पाल्यामुळे," पाटणकर म्हणाले. वाईट हेतू नव्हता. सोपं करून सांगितलं इतकंच.

 बाराव्याला सगळी माणसं जेवून गेल्यावर शैलजाबाई रूपेशसमोर आल्या, खाली वाकल्या आणि जावयाच्या पायाला हात लावायला लागल्या. त्यानं झटकन पाय मागे घेतले.

"आई, हे काय करताय?"

"तुमचं घर मी मोडलं, रूपेशराव. माझ्या हातानं पाला लावला, माझ्या हातानं तिला वाढला. ती म्हणाली, आई, थोडीच वाढ. मीच म्हटलं, खा गं."

"आई, तसं नाही."

"मग कसं?"

रूपेशच्या तोंडाशी आलं होतं. आतल्या खोलीत शर्वरीचा चुलतभाऊ होता, बाहेर ओट्यावर पाटणकर होते. तो म्हणाला, "तुम्ही आधी जेवून घ्या."

त्या जेवल्या नाहीत. गावी गेल्या त्या परत आल्या नाहीत. फोन केला तर म्हणायच्या, तुमच्या दारात कोणत्या तोंडानं येऊ. त्यांच्या शेजारणीनं रूपेशला कळवलं की म्हाताऱ्या बाईनं परड्यातलं अळू मुळापासून उपटलं, माठ उपटला, भोपळ्याचा वेल तोडला, आणि आता चहा-बिस्किटावर राहते. असंच चाललं तर दिवाळी काढणार नाही.

रूपेश पुन्हा कामावर जाऊ लागला होता. दारातला फलक कुणीतरी न सांगता काढून ठेवला होता. त्यानं एका दुपारी अफसानाला विचारलं, "शर्वरीची जुळी अजून आहे ना?"

"आहे. वर्षभर ठेवतात. पण बंद करून."

"उघडता येईल?"

अफसानानं खुर्ची फिरवली.  "दादा, तुम्हाला काय हवंय? त्या परत येणार नाहीत त्यातून."

"मला विचारायचंय. भाजी खाल्ली, पण तू फोन केला असतास, तर काय झालं असतं."

"हे मी रोज रात्री स्वतःला विचारते," अफसाना म्हणाली. "फोन माझ्या हातात होता. तुम्ही म्हणालात म्हणून मी ठेवला. मी ऐकायला नको होतं. माझ्या नवऱ्यानं असं सांगितलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, गप बस, बाईला बोलू दे. तुमचं मात्र ऐकलं. का, तर तुमचा फोटो बाहेर लागलाय."

"तुझी चूक नाही."

"ते तुम्ही नका ठरवू. आणि आणखी एक सांगू? ती भाजी मीही खाल्ली होती, डब्यातली. चांगली झाली होती. तुम्ही म्हणालात नेहमीचं, तेव्हा मला तो डबा आठवायला हवा होता की नाही? नाही आठवला." तिनं डोळे पुसले. "मॅडमना विचारा. उघडायची असेल तर त्यांच्यासमोर उघडू. चोरून नाही."

आगाशे मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे करणं तुमच्यासाठी बरं नाही, शिरधनकर. लोकांना वाटतं जुळी उत्तर देते. ती फक्त शक्यता सांगते."

"मला तेवढीच हवी आहे."

तिघं बसले. जुळी उघडली. पंचमीच्या दिवसापासून तिला पुन्हा चालवायचं होतं. अफसानानं पहिल्यांदा तिला सगळं खरं सांगितलं. ऋषीची भाजी, दुसऱ्या दिवशी उरलेली, गौरीची भाजी-भाकरी. चौथा थर होता तेवढाच ठेवला. मग डोकं आपटलं असं सांगितलं. एकदा चालवून काही कळत नाही. रक्ताची नस कुठे फुटेल आणि कुठे नाही, हे पावसाचा थेंब कुठे पडेल तसंच असतं. म्हणून ते शंभर वेळा चालवतात.

शंभरातून तीनदा शर्वरी गेली. सत्त्याण्णव वेळा तिला टेंगूळ आलं आणि उतरलं.

मग भाजीशिवाय, नेहमीचं जेवण, नेहमीची गोळी. तेही जवळपास तितकंच. भाजीनं काही फरकच पडला नव्हता. उलट चार दिवस रक्त थोडं घट्ट राहिलं असतं, एवढंच.

मग जसं झालं तसं. भाजी, 'आहारात बदल नाही', जाड थर, मग भाजी बंद. शंभरातून त्रेसष्ट.

मशीनची घरघर चालू होती. रूपेश पडद्याकडे बघत होता. आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट कोणती आली? की सदतीस वेळा ती वाचली. माझ्याच गोळीवर, सदतीस वेळा. म्हणजे नक्की माझ्यामुळेच असं कुणी म्हणू शकत नाही. त्या सदतीसांत माणसाला जन्मभर राहता येईल इतकी जागा होती. तो त्यात शिरलाही असता. पण गावाकडे एक बाई भाजीच्या त्या तीनमध्ये उभी राहून उपाशी मरत होती, आणि तिला तिथे त्यानंच उभं केलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "घरात काय शिजतंय ते मला माहीत होतं. सकाळी मी पातेलं पाहिलं होतं. मी खोटं बोललो."

आगाशे मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी शेजारी उभी होते," त्या म्हणाल्या. "घरच्यानं सांगितलेलं धरायचं नसतं, पेशंटलाच विचारायचं, हा नियम मीच केलाय. पाहुण्यांसमोर मलाही तुमचा अभिमान मिरवायचा होता." मग आवाज कोरडा करून म्हणाल्या, "तुम्हाला कामावरून थांबवावं लागेल. बहुतेक परवाना जाईल. हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

खरं सांगायचं तर ते त्याला सोपं गेलं. खुर्ची रिकामी केली, अफसानाला येतो म्हणाला. निष्कर्षाची ओळ बदलली गेली. पण बदललेला निष्कर्ष वाचून दाखवायला शैलजाबाईंकडे कुणी जाणार नव्हतं. ते रूपेशलाच करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो गेला. शैलजाबाई मागच्या दारात बसल्या होत्या. परडं उघडं पडलं होतं, नुसती उकरलेली लाल माती. त्या इतक्या वाळल्या होत्या की उठताना त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

"या. चहा टाकते."

"आई, बसा तुम्ही. मी एक सांगायला आलोय. भाजीनं शर्वरी गेली नाही."

त्या बसल्या. "माझी समजूत घालायला एवढ्या लांब कशाला आलात?"

"समजूत नाही. जुळीला पुन्हा विचारलं आम्ही. शंभरदा विचारलं. भाजीनं काही झालं नसतं. आधी दिलेला कागद चुकला होता."

शैलजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत विश्वास नव्हता, पण मान पुढे आली होती. "शपथ घ्या."

"शर्वरीची शपथ."

"मग कशानं गेली माझी पोर?"

"गोळीनं. गोळी जास्त झाली होती."

"जास्त कुणी केली?"

"मशीननं केली. भाजीमुळे रक्त बदललं ते मशीनला कळलं, पण भाजी खाल्ली हे कळलं नाही. अशा वेळी माणसानं घरी फोन करून विचारायचं असतं, काय खाल्लं म्हणून."

"पण ती तर वाट बघत होती फोनची," शैलजाबाई म्हणाल्या. "मला म्हणाली, आई, अफसानाला सांगते बघ, तिलाही हसू येईल. केला नाही तिनं?"

"ती करत होती. तिला एकानं अडवलं. म्हणाला, गरज नाही."

"तिथल्याच माणसानं?"

"हो."

 शैलजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. रूपेश पुढच्या प्रश्नाची वाट बघत होता. तो आला असता तर त्यानं सांगितलं असतं, असं त्याला अजूनही वाटतं. पण शैलजाबाईंनी कोण ते विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "त्या माणसाचं काय व्हायचं ते होवो. मी शिव्या देणार नाही, त्यालाही घर असेल. पण तुम्हाला कसं वाटत असेल, रूपेशराव? रोज त्याच्या शेजारी बसून काम करायचं म्हणजे."

"मी काम सोडलंय आई."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं, तोंड झाकून न घेता. "माझ्या हातानं नाही ना गेली? पुन्हा सांगा. माझ्या हातानं नाही ना?"

"तुमच्या हातानं नाही."

रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं. घरात जाऊन डबे उघडून बघितले, शेजारणीला हाक मारून दोन अंडी मागितली, "जावई आलेत गं" असं तिला ओरडून सांगितलं. भात टाकला. त्याला वाढलं आणि समोर स्वतःचंही ताट घेतलं. पहिला घास त्यांना गिळवेना. दुसरा गेला. मग त्या खाली मान घालून जेवत राहिल्या, भुकेलं माणूस जेवतं तशा. रूपेश बोलायला तोंड उघडायचा आणि त्यांचा हात ताटाकडून तोंडाकडे जाताना बघून मिटायचा. आता बोललो तर ताट बाजूला सरकेल. जेवून होऊ दे. मग भांडी झाली, मग सुपारी झाली, मग शेजारीण येऊन बसली. शेवटच्या एसटीची वेळ झाली.

त्या फाट्यापर्यंत सोडायला आल्या. चालताना त्यांनी त्याचा दंड धरला होता.

"पुढच्या महिन्यात येते तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "एकटे काय खाता कुणास ठाऊक."

"या."

त्यानंतर त्या दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा चार दिवस राहिल्या, स्वयंपाक केला, शर्वरीच्या साड्या घडी घालून ठेवल्या. अफसानाला फोन करू नकोस असं जो म्हणाला, तो माणूस कोण, हे रूपेशनं त्यांना अजून सांगितलेलं नाही.